लाकडाचा कांदा: सुतारकाम शिकायचंय, तर मशीनच्या आधी हे करा



लाकडी खेळण्यांवरचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्याच दिवशी निफाडकडच्या एका भावाचा फोन आला. वय चोवीस. म्हणाला, "ताई, लेथ मशीनचं कोटेशन आणलंय. एक लाख ऐंशी हजार. कर्ज बसतंय. घेऊ का?"

मी विचारलं, "आतापर्यंत लाकडाचं काय काय बनवलंयस?"

"अजून काही नाही. मशीन आलं की शिकणार."

मी त्याला सांगितलं, कर्जाचा कागद कपाटात ठेव आणि आधी लाकडाचा एक कांदा बनव. हाताने. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. १.८० लाखाचं कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता जवळपास ५,९०० रुपये बसतो. एवढे पैसे काढायला किती कांदे विकावे लागतील, त्याचा हिशोब खाली दिलाय. पण आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

माझं १७,००० रुपयांचं शिक्षण

पिंपळगावात माझं भेटवस्तूंचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी कोकणात गेलो होतो, तेव्हा सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी फळांच्या टोपल्या आणल्या. आंबा, केळं, सीताफळ, मिरची, वांगं. दिवाळीत सगळा माल संपला. झालं, डोक्यात किडा शिरला की हे आपणच का बनवू नये? बीबीएला आम्हाला "बनवायचं की विकत घ्यायचं" याचा तक्ता शिकवला होता. मी तो रीतसर भरला. त्यात लाकूड होतं, वीज होती, मजुरी होती, वाहतूक होती. माझ्या हाताला काम येतं का, हा रकानाच नव्हता.

३८,००० ला जुनं लेथ घेतलं. चौदा महिने ते दुकानामागच्या खोलीत पडून होतं. मी त्यावर एकूण अकरा वस्तू केल्या, त्यातली विकण्यासारखी एकही नव्हती. शेवटी २१,००० ला विकलं. नंतर आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, आधी पटाशीला धार लावायला शिक. मग कांदा कर. कांदा तर रोज हातात घेतेस ना तू?"

ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. पहिला कांदा केल्यावर कळलं.

खाण्याचीच वस्तू का?

नवशिका आधी स्टूल किंवा पाट करायला जातो. स्टूल थोडं वाकडं झालं तरी त्यावर बसता येतं, त्यामुळे आपण स्वतःला माफ करतो. कांद्याचं तसं नाही. तो कसा दिसतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. पाच वर्षांचं पोरगंही सांगेल की हा कांदा नाही, हा लाडू आहे. परीक्षक फुकटात मिळतात आणि ते अजिबात भिडेखातर बोलत नाहीत!

दुसरं म्हणजे लाकूड थोडं लागतं. बिघडलं तर वीस रुपयांचं बिघडतं. आणि तिसरं माझ्या मते सगळ्यात मोठं: प्रत्येक फळ-भाजी एक वेगळं कौशल्य शिकवते. कांद्याने गोलाई येते, केळ्याने बाक येतो, मिरचीने जोड येतो आणि द्राक्षाच्या घडाने एकसारखेपणा येतो. या चार गोष्टी आल्या की अर्धं सुतारकाम हातात आलं म्हणा.

सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची ही फळं काही शोभेचा किरकोळ माल नाही. त्यासाठी परंपरेने पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. लाल फुलांचा, खोडाला काटे असलेला पांगारा तुम्ही पाहिला असेल. पानमळ्यात वेलाला आधार म्हणूनही लावतात. त्याचं लाकूड हलकं आणि मऊ, पटाशी सहज चालते. पांगारा पुरेसा मिळत नाही म्हणून आता आंब्यासारखी लाकडंही वापरतात. घडवून झालं की चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून बारीक भोकं आणि रेषा बुजवायच्या, घासायचं आणि मग रंग. चितारी म्हणजे मुळात चित्र काढणारे. म्हणून त्यांच्या आंब्याला नुसता पिवळा रंग नसतो, देठाजवळ लाली आणि खाली हिरवट झाक असते. कारागीर आणि रंगारी एकाच घरात असतात, ही त्यांची खरी ताकद. आपण ती एका महिन्यात आणू शकत नाही.

लाकूड कुठून आणायचं

पिंपळगावात पांगारा शोधत बसू नका. दरवाजाच्या चौकटी बनवणाऱ्यांकडे तीन इंची जाडीचे उरलेले तुकडे असतात, ते मागा. साग मिळाला तर उत्तम, आंबा चालेल. बाभूळ नको, नवशिक्याचा घाम काढते. प्लायवूड आणि एमडीएफ तर अजिबात नको, त्याला कोरीव काम सोसत नाही.

आपल्याकडे अजून एक फुकटची खाण आहे. द्राक्ष आणि कांद्याची निर्यात करणाऱ्यांच्या आवारात तुटलेले पॅलेट पडलेले असतात. पण ते आणताना त्यावरचा शिक्का बघा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर प्रक्रियेचा शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी तर नाहीच नाही. शिक्का दिसत नसेल तरी सोडून द्या. पॅलेटच्या फळ्या पातळ असतात, तीन-चार फळ्या फेव्हिकॉलने चिकटवून, रात्रभर शिकंज्यात दाबून ठोकळा करायचा. चिकटवणं हीसुद्धा एक शिकवणीच आहे.

ओलं लाकूड मात्र कधीच नको. मी एकदा ताज्या तोडलेल्या आंब्याच्या फांदीचा अख्खा टोमॅटो केला होता. मऊ लोण्यासारखं कापलं गेलं, फार खूश होते. एप्रिलच्या उन्हाळ्यात तो गाभ्यापासून बाहेरपर्यंत उभा तडकला. हवेवर लाकूड वाळायला एक इंच जाडीला साधारण वर्ष लागतं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून जुन्या चौकटीचा तुकडा सोन्यासारखा.

आता कांदा

हत्यारं एवढीच: छोटी करवत, १२ आणि २० मिलिमीटरची पटाशी, लाकडी मोगरी, अर्धगोल मरफा, एक कानस, टेबलाला लावायचा शिकंजा, धार लावायचा दगड आणि ८०, १२०, २२० नंबरचे पॉलिश पेपर. मला सगळं मिळून २,४०० रुपये लागले. शिकंजा मात्र स्वस्तातला घेऊ नका, तो सरकला की पटाशी हातात जाते.

बाजारातून एक चांगला कांदा निवडा आणि दहा मिनिटं नुसता बघा. नंतर दुसरा एक उभा कापा आणि कापलेली बाजू पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवा. त्या रेषेवर पुठ्ठा कापला की तुमचा फर्मा तयार. तेव्हा लक्षात येईल की कांदा चेंडूसारखा गोल नसतोच. रुंदी उंचीपेक्षा जास्त, सगळ्यात फुगीर भाग मधोमध नसून थोडा खाली, वर मानेकडे आत वळलेला बाक आणि मुळाशी छोटासा खळगा. मी पहिल्या कांद्याला मान करायची विसरले होते. सासूबाई म्हणाल्या, "चिकू छान झालाय."

ठोकळा ७० बाय ७० मिलिमीटर जाड आणि १३० लांब घ्या. कांदा मधल्या ६० मिलिमीटरमध्येच करायचा. दोन्ही टोकांना ३५-३५ मिलिमीटरची शेपटं शिल्लक ठेवायची. कारण गोल झालेली वस्तू शिकंज्यात पकडता येत नाही, शेपूट पकडता येतं. शेपटं अगदी शेवटी कापायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझा दुसरा कांदा शिकंज्यातून उडून थेट शेजारच्या किराणा दुकानात गेला.

लाकडाचे रेषे मानेपासून मुळाकडे जातील असा ठोकळा धरा. आता चौरसाचा गोल कसा करायचा? डोळ्यांनी नाही, हिशोबाने. ठोकळ्याच्या प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरवर खूण करा, मध्ये ३० उरतील. खुणा रेषेने जोडा आणि चारही कोपरे पटाशीने उतरवा. अष्टकोन झाला. कुठल्याही मापाच्या चौरसाला हाच नियम, बाजूच्या साधारण २९ टक्क्यांवर खूण. मग आठ कोपरे थोडे थोडे उतरवले की सोळा बाजू होतात आणि तिथून पुढे मरफा गोल करून देतो. नवशिका सरळ मरफा घेऊन घासत सुटतो आणि त्याचा कांदा एका बाजूला बसका होतो. अष्टकोन टाळू नका.

उंचीकडून बाक देताना एक गोष्ट पाळा: पटाशी नेहमी फुगीर भागाकडून टोकाकडे चालवा. म्हणजे पोटाकडून मानेकडे, पोटाकडून मुळाकडे. काका याला "उताराने चाल" म्हणतात. उलट चढाने गेलात तर पटाशी रेष्यात शिरते आणि चिरफळी निघते. निघाली की आवाजावरूनच कळतं, पोटात गोळा येतो! आणि हो, दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी, असं कधीच करायचं नाही. बोथट पटाशी जास्त घातक असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोराने ती घसरते.

दर पाच मिनिटांनी फर्मा लावून बघा. फर्मा आणि लाकडात जिथून उजेड दिसत नाही, तिथे लाकूड जास्त आहे. शेवटी शेपटं कापा, मुळाचा खळगा १२ च्या पटाशीच्या टोकाने करा आणि ८०, १२०, २२० या क्रमानेच पॉलिश पेपर मारा. मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे रंग लावल्यावर डोकं वर काढतात.

पहिल्या कांद्याला मला साडेतीन तास लागले. दहाव्याला चाळीस मिनिटं. वेळ वहीत लिहा, प्रत्येक नगाचा. हीच वही नंतर बँकेत कामाला येते.

केळं, मिरची, द्राक्षं

केळ्यासाठी ठोकळ्यावर बाजूने दिसणारा बाक काढायचा. आतल्या बाजूला रेषेपर्यंत करवतीचे आडवे काप द्यायचे, बोटभर अंतरावर. मग मधले तुकडे पटाशीने टिपायचे, पटापट निघतात. केळं पूर्ण गोल नसतं, त्याला धारा असतात. त्या घासून टाकल्या तर काकडी होते. देठाशी रेषे आडवे कापले जातात, त्यामुळे तिथे लाकूड कमजोर असतं. देठ जरा जाड ठेवा.

मिरचीचा देठ वेगळा करून सहा मिलिमीटरच्या खुंटीने बसवायचा. भोक आणि खुंटी घट्ट जमली की खुर्चीचा पायही जमेल.

द्राक्षाचा घड मात्र परीक्षा घेतो. तीस-चाळीस मणी, सगळे जवळपास सारखे, प्रत्येकाला मधोमध भोक. गोल मणी ड्रिलखाली हाताने धरायचा नाही. ठोकळ्यात इंग्रजी 'व्ही'सारखी खाच पाडायची आणि मणी त्यात चेपून बसवायचा. एक छान आंबा कोणीही करेल. चाळीस सारखे मणी करणारा माणूस ऑर्डर घेऊ शकतो. मी तरी शिकाऊ मुलांना घड झाल्याशिवाय "विका" म्हणत नाही.

आता हिशोब

वही उघडा. एक कांदा ४० मिनिटं, तासाला स्वतःची मजुरी १२० रुपये धरली तर ८० रुपये. लाकूड, रंग, पेपर मिळून २२. झाले १०२. सहा केले तर एक बाद होतो, म्हणजे पाचांनी सहांचा खर्च उचलायचा: १२२. खोकं आणि कागद ८. एकूण १३०. दुकानात २४० ला ठेवला आणि दुकानदाराने ३५ टक्के घेतले, तर तुमच्या हातात १५६ येतात. नफा २६ रुपये.

आता तो ५,९०० चा हप्ता २६ ने भागा. महिन्याला २२७ कांदे. बनवायचे नाहीत, विकायचे! लेथवर वेळ वाचतो हे खरं आहे, पण ज्याच्या हाताला काम येतं त्याचाच वाचतो.

आणि २४० चा लाकडी कांदा प्लास्टिकच्या वीस रुपयांच्या कांद्याशेजारी ठेवून कोण घेणार? म्हणून सुटा कांदा विकायचाच नाही. ज्याला खरी वस्तू ठेवता येत नाही, असा गिऱ्हाईक शोधायचा. जपानमध्ये हॉटेलबाहेर काचेत मांडलेले नकली पदार्थ बघितले असतील. ताकिझो इवासाकी नावाच्या माणसाने १९३२ साली ओसाकामध्ये मेणाचे पदार्थ बनवायचा धंदा सुरू केला. पुढे मेणाची जागा प्लास्टिकने घेतली. खेळणं म्हणून नाही, तर हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक आत आणायला ते लागत होतं म्हणून धंदा चालला. आपल्या पिंपळगावात काय आहे बघा: टोमॅटोची रोपवाटिका, कृषी सेवा केंद्रं, कांद्याचे व्यापारी, द्राक्ष निर्यातदार. त्यांच्या काउंटरवर खरा टोमॅटो आठवडाभरही टिकत नाही. माझी पहिली खरी ऑर्डर एका रोपवाटिकेची होती, सहा टोमॅटो, देठासकट. त्यांनी भावावरून एकदाही घासाघीस केली नाही. देठ हुबेहूब हवा, एवढीच अट होती.

लेबलवर काय लिहायचं

इथे थोडं थांबून वाचा. मागच्या वर्षी एक व्यापारी मला म्हणाला, "तुमच्या टोपलीवर 'सावंतवाडीची फळं' असं छापा, शंभर घेतो." शंभर टोपल्या म्हणजे माझ्यासाठी तेव्हा दोन महिन्यांचं भाडं होतं. मी एक रात्र विचार केला, खोटं कशाला बोलू. सकाळी नाही म्हणून कळवलं.

सावंतवाडीच्या लाकडी कामाला आणि गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. १९९९ च्या त्या कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे. पण खरं सांगू, मला कायद्यापेक्षा चितार आळीतली ती दुकानं आठवली. त्यांच्याच टोपल्या विकून माझी एक दिवाळी चांगली गेली होती. माझ्या लेबलवर आता "हातकाम, पिंपळगाव बसवंत" असं असतं.

खेळणं म्हणून विकणार असाल तर अजून एक. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे, म्हणून ते कारागीर ओळखपत्र आधी काढा. सूट असली तरी रंग बिनशिशाचाच घ्या आणि डब्यावर वाचून घ्या. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग एवढी आहे. द्राक्षाचे मणी तीन वर्षांखालच्या बाळाच्या हातात जाणार असतील तर विकूच नका, घशात अडकतात.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल बरेच जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा व्यवसाय आहेत, त्यात सुतारही आहेत आणि पारंपरिक खेळणी बनवणारेही. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख असं कर्ज. पण ती हाताने काम करून पोट भरणाऱ्या कारागिरांसाठी आहे. कोटेशन हातात आणि पटाशी अजून दुकानात, अशांसाठी नाही.

त्या भावाने परवा व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. साडेचार तास लागले म्हणाला. मान बरी जमलीये, पण पोट फार वर गेलंय, त्याची आई त्याला पेरू म्हणते. त्याला शनिवारी दुकानात बोलावलंय. येताना पटाशी, धारेचा दगड आणि बाजारातले दोन खरे कांदे घेऊन ये म्हटलं, एक कापायला, एक बघायला.